तिसरी बाटली

१

फ्रीजमध्ये तीन बाटल्या असायला हव्या होत्या. दोनच होत्या.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या 'सागरतारा' यार्डाची ती प्रथमोपचाराची खोली. मी दारात उभी होते, केतन फ्रीज उघडून वाकला होता आणि बाहेर पॅथॉलॉजी लॅबचा माणूस थर्माकोलचा डबा घेऊन थांबला होता.

"मॅडम, तुम्ही हात लावला होता का?" केतनने विचारलं. केतन यार्डाचा एचआर अधिकारी. खारघरला टॉवरमध्ये राहणारा, नीटनेटका, कोणाशी वरच्या आवाजात न बोलणारा मुलगा.

"मी तर सकाळपासून शिवाबरोबर समोरच्या केबिनमध्ये बसले आहे," मी म्हटलं.

तेच तर माझं त्या दिवशीचं काम होतं. मी रंजिता कर्णिक. पनवेलच्या जुन्या रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. कारखाना बंद पडला, तिथे आता गृहसंकुल आहे. निवृत्तीनंतरही आसपासच्या कंपन्या मला बोलावतात. कामावर दारू पिऊन आलेल्या माणसाला घरी पाठवतात, समुपदेशन घ्यायला लावतात आणि तो परत यायच्या वेळी तीन गोष्टी बघतात: समुपदेशकाचं मत, लघवीची तपासणी आणि बाहेरच्या कोणाशी तरी सविस्तर बोलणं. बाहेरचं कोणी म्हणजे मी.

शिवा घरत यार्डाचा क्रेन ऑपरेटर. चार महिन्यांपूर्वी तो पिऊन क्रेनवर चढला. सळयांचा भारा हेलकावा खाऊन एका ट्रकच्या टपावर आपटला. ड्रायव्हर चहाला गेला होता म्हणून वाचला. शिवाला खाली उतरवलं आणि त्याच दिवशी घरी पाठवलं. आज तो परत आला होता.

नमुना त्याच्या एकट्याचा घेतला तर सगळ्या यार्डासमोर शोभा होते. म्हणून केतनने क्रेनवरचे आणखी दोघे निवडले. एक, शिवाच्या जागी क्रेन चालवणारा सुरज आणि दुसरा, खाली साखळ्या अडकवणारा मंगळ्या. बाटलीवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. झाकणावरच्या कागदी पट्टीवर ज्याने त्याने आपली एक खूण करायची, म्हणजे सील फुटलं तर कळतं. कोणाचा कोणता नंबर हे फक्त केतनला माहीत. सात शिवाचा, आठ मंगळ्याचा, नऊ सुरजचा.

केतनने उरलेल्या बाटल्यांचे नंबर वाचले आणि सरळ उभा राहिला.

"सात आणि आठ आहेत," तो म्हणाला. "म्हणजे शिवाची सुरक्षित आहे. सुरजची गेली."

२

ही बातमी यार्डात पसरायला एक चहा पुरला. दोन शेडच्या मधल्या कँटीनमध्ये मीच ती ऐकली. केतन सांगत होता की सुरजची बाटली सापडत नाही, कोणी चुकून उचलली असेल तर आणून द्यावी, विचारणार नाही.

कँटीन सांभाळत होती भामा, शिवाची बायको. ती कंत्राटदाराकडे कामाला होती. स्वयंपाक, चहा आणि ऑफिसच्या खोल्यांची झाडलोट. प्रथमोपचाराची खोलीही तिच्याकडेच. तिने माझ्यापुढे कप ठेवला आणि हळूच विचारलं, "सिस्टरबाई, मंग आता त्याला परत घेनार नाय का?"

"कोणाला?"

"आमच्या यांना."

"त्याचा निकाल यायचाय अजून," मी म्हटलं. ती मान हलवून आत गेली. मी कप उचलला, आणि मग जरा वेळ तसाच हातात धरून बसले.

सुरज मात्र तापला होता. साताऱ्याकडचा, तरुण, देखणा. क्रेनवरून खाली उतरून तो तडक केतनसमोर आला.

"साहेब, माझीच बाटली कशी काय गेली? आता सगळे म्हणणार, याने स्वतःच लपवली."

"तू मध्ये एकदा खाली उतरला होतास," केतन शांतपणे म्हणाला. "प्रथमोपचाराच्या खोलीतून बाहेर येताना मी पाहिलं."

"डोकं दुखत होतं. पेटीतून गोळी घेतली. वर पत्रा तापतो, तुम्हाला एसीत काय कळणार."

"आमच्या नियमात नमुना गायब होणं म्हणजे नमुना द्यायला नकार," केतन म्हणाला, "आणि नकार म्हणजे पॉझिटिव्ह. तसंच धरावं लागतं."

सुरजचं तोंड उतरलं. तो तिथेच लोखंडी पिंपावर बसला. नवीन लग्न झालेलं, कळंबोलीत भाड्याची खोली. त्याच्याकडे बघून मला वाटलं, हा चोर असेल तर फार चांगलं सोंग करतोय.

"केतन, उरलेल्या बाटल्या अजून पाठवू नकोस," मी म्हटलं. "मला एकदा बघू दे."

लॅबच्या माणसाने नाराजीने डबा उघडला. मी चष्मा लावला. आठच्या पट्टीवर नुसता गोल होता. सात नंबरच्या झाकणावरची पट्टी मी उजेडाकडे धरली. पट्टीवर निळ्या पेनाने इंग्रजी एस काढला होता, शेपटीला झोकदार वळण देऊन.

मी सुरजकडे वळले. "तुझी खूण काय होती?"

"एस. सुरजचा एस."

"मग तुझी बाटली गेलेलीच नाही," मी म्हटलं. "ही बघ."

३

प्राजक्ताला फोन लावला. ती नवीन पनवेलच्या लॅबची मुलगी, नमुने घेऊन झाल्यावर लगेच दुसऱ्या कंपनीत गेली होती.

"हो मॅडम, पहिला आला त्याला मी सात लावला," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं, शिवा आधी. म्हणून पहिला आला तो शिवाच असेल असं वाटलं. मी त्यांना ओळखत नाही ना."

माझ्या लक्षात आलं. सकाळी शिवाला आधी बोलावलं होतं, पण तो माझ्यासमोर चहा पीत होता आणि सुरजला क्रेनवर परत जायची घाई होती. मीच म्हटलं होतं, जाऊ दे त्याला पुढे. सुरज पहिला गेला आणि त्याला सात मिळाला. मंगळ्या मधे. शिवा शेवटी, त्याच्या बाटलीला नऊ लागला. नमुना देऊन तो सरळ माझ्याकडे परत आला आणि लॅबचा माणूस येईपर्यंत माझ्यासमोरून हलला नाही.

"म्हणजे शिवाचीच गेली," केतन म्हणाला. त्याचा चेहरा थोडा सैलावला. हे उत्तर त्याला आधीपासून अपेक्षित असावं. "मॅडम, आता तुम्हीच सांगा. परत यायच्या दिवशी माणसाचा नमुना नाहीसा होतो. मी वर काय कळवू?"

"संध्याकाळपर्यंत काही कळवू नकोस."

मी केबिनमध्ये परत गेले. शिवा खुर्चीत तसाच बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, गेल्या चार महिन्यांत गालफडं बसलेली. काय झालं ते मी त्याला सांगितलं.

"कोनी केला?" एवढंच तो म्हणाला.

"तुझ्या पट्टीवर काय खूण काढली होतीस?"

त्याने टेबलावर बोटाने काढून दाखवली. माशाचं शेपूट आणि खाली एक आडवी रेघ.

ही खूण मी ओळखत होते. शिवाचा बाप हिराजी पावसाळ्यात आमच्या कारखान्यात बदली कामगार असायचा आणि पाऊस सरला की मिठागरावर जायचा. उरणच्या रस्त्याने जाताना त्या काळी दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग उन्हात डोळे दिपवायचे. कोणी रात्री ढिगाला हात लावला तर सकाळी कळावं म्हणून हिराजी ढिगावर लाकडी फळीने हीच खूण उठवायचा. आमच्याकडे त्याच्या पाण्याच्या डब्यावरही हीच. हिवाळ्यात एकदा तो मला फडक्यात बांधून जाडं मीठ घेऊन आला होता, आईला लोणच्याला लागतं म्हणून मी कधीतरी बोलले होते तेवढ्यावर. आता ना ते मिठागर आहे, ना ते गाव. विमानतळ आला, टेकडी कापली, खाडी भरली, आणि घरत मंडळी करंजाड्याला बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर राहायला गेली.

हिराजीही प्यायचा. त्या काळी कोणी तपासणी करत नसे. फोरमन पिऊन आलेल्याला बॉयलरमागे पोत्यांवर झोपवायचा, मला लिंबूपाणी द्यायला सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्यावर बोलत नसे. ती माया होती यात शंका नाही. त्याच मायेत हिराजी पन्नाशी न गाठता गेला. हल्लीच्या कंपन्या कोरड्या आहेत असं मी म्हणते, तेव्हा हेही आठवतं.

"शिवा, खरं सांग. काल प्यायला होतास?"

"नाय."

"डोळे लाल आहेत तुझे."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "काल सांजच्याला खाडीवर गेलतो. आमचं घर व्हतं त्या बाजूला. आता कुंपन हाय, आत जाता येत नाय. बाबांचा जोडीदार धर्माकाका अजून तिथं येऊन बसतो. तो पीत व्हता, मी बाजूला बसलो. त्याने गलास पुढं केला, मी नाय घेतला. त्याचा हात थरथरला, अर्धा माझ्या सदऱ्यावर सांडला. बाबांच्या गोष्टी सांगत व्हता. मना रडू आला, सिस्टर. घरी आलो नि भिंतीकडं तोंड करून झोपलो."

मी उठले. बाटली कोणी घेतली ते मला तेव्हा कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

४

केतनला मी बाजूला घेतलं.

"आधी तुझं सांगते," मी म्हटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण मी तुझाही विचार केला. तुला शिवा परत नको होता."

तो ओशाळला. "मला अपघात नको होता, मॅडम."

"तू नंबरावरून चालणारा माणूस. तुझ्या हिशेबाने शिवाचा नंबर सात. तुला शिवाची बाटली काढायची असती तर तू सात उचलली असतीस. सात तर फ्रीजमध्येच आहे. आणि सुरजला वाचवायला नऊ उचलली म्हणावं, तर त्याला तपासणीला बसवायचं तूच ठरवलंस. वाचवायचंच असतं तर बसवलंच नसतंस."

"मग सुरज."

"सुरजला खरंच फायदा होता. शिवा आला की त्याची क्रेन गेली. तो त्या खोलीत गेलाही होता. पण समोर तीन बाटल्या. एक त्याची स्वतःची. उरलेल्या दोहोंपैकी एकीवर गोल, एकीवर माशाचं शेपूट. शिवाची कोणती? नंबर त्याला माहीत नाहीत. आणि अंदाजाने उचलायची असती तर त्याने दोन्ही उचलल्या असत्या."

"मंगळ्या?"

"मंगळ्या सगळ्या यार्डासमोर क्रेनखाली साखळ्या लावत होता. आणि शिवा माझ्यासमोर होता. केतन, ज्याने बाटली घेतली त्याने नंबर बघितलाच नाही. त्याने खूण बघितली आणि ती कोणाची ते त्याला आधीपासून माहीत होतं. माशाचं शेपूट ही शिवाच्या बापाची खूण. करंजाड्याच्या त्या एका घराबाहेर ती आता कोणाला माहीत असणार?"

केतनने कँटीनकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"आणखी एक," मी म्हटलं. "सगळं यार्ड सुरजची बाटली गेली म्हणत होतं, तेव्हा एकच बाई मला विचारत होती की शिवाला परत घेणार का."

"पण ती का करेल? त्याची नोकरी जाईल."

"तुमचा नियम तू वाचलायस. तिने नाही वाचलेला. तिला वाटलं, बाटली नाही तर तपासणी नाही. दोन-चार दिवस मिळतील, मग तो पुन्हा देईल. प्यायल्याची खूण लघवीत एखाद-दोन दिवस टिकते, एवढं त्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक असतं."

केतन म्हणाला, "म्हणजे तिला वाटलं तो काल प्यायला."

"हो. आणि मला वाटतं, तो प्यायलेला नाही."

५

भामा कँटीनच्या मागे भांडी घासत होती. मी तिच्याजवळच्या पाटावर बसले. काही विचारलं नाही. तिने एक पातेलं पुन्हा पुन्हा घासलं, मग नळ बंद केला.

"खोली पुसायला गेली तवा घेतली," ती म्हणाली. "मोरीत वतली. बाटली त्या भंगाराच्या ढिगात टाकली."

"का गं?"

"काल रात्री वास येत व्हता. जेवला नाय, बोलला नाय, भिंतीकडं तोंड. चार महिने मी रोज त्याचं तोंड हुंगते, सिस्टरबाई. तो झोपला की. काल वास आला. सकाळी मी त्याला काय बोलली नाय. बोलली असती तर तो आलाच नसता इथं."

"विचारायचं होतंस त्याला."

"आधी विचारायची. नाय म्हनायचा. पिऊन यायचा तवा पन नाय म्हनायचा."

कारखान्याच्या दवाखान्यात अशा कितीतरी बायका माझ्यासमोर बसल्या होत्या. नवऱ्याचं 'नाही' ऐकून ऐकून त्यांचे कान बुजलेले. एक दिवस ते 'नाही' खरं निघालं तरी त्यांना ओळखू येत नसे.

"भामा, तो प्यायला नव्हता," मी म्हटलं आणि शिवाने सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. धर्माकाकांचा थरथरता हात, सदऱ्यावर सांडलेली दारू.

ओल्या हातांनीच तिने तोंड झाकलं.

"आता एक मार्ग आहे," मी म्हटलं. "काल प्यायला असेल तर आजही तपासणीत दिसेल. नसेल तर तेही दिसेल. प्राजक्ताला मी परत बोलावलंय. पण शिवाने पुन्हा नमुना दिला पाहिजे, आणि केबिनकडून त्याचा चढलेला आवाज येतोय. चल, तो काय म्हणतोय ते ऐक."

शिवा केबिनच्या दारात उभा होता, पिशवी खांद्याला. समोर केतन.

"मी परत देनार नाय," शिवा म्हणत होता. "एकदा दिली. तुमच्या खोलीतून चोरीला गेली. मी चोर नाय. आज परत द्यायची, उद्या परत हरवनार. घ्यायचाच नसेल तर सरळ सांगा, साहेब."

"शिवा, नकार दिलास तर माझ्या हातात काही राहत नाही," केतन म्हणाला.

"नको राहू दे."

तो पायरी उतरला. भामा त्याच्या आडवी आली.

"मी घेतली," ती म्हणाली.

शिवाला आधी कळलंच नाही. "काय घेतली?"

"बाटली. तुमची. मना वाटलं काल तुमी पिऊन आलात."

यार्डात क्रेनचा भोंगा वाजत होता, ट्रक मागे घेत होते. शिवा बायकोकडे बघत राहिला. मला भीती वाटली की आता हा ओरडेल, किंवा हात उचलेल. त्याने दोन्ही केलं नाही. त्याने खांद्यावरची पिशवी काढली आणि जवळच्या बाकावर ठेवली.

"कुठं द्यायची बाटली?" त्याने केतनला विचारलं.

६

निकाल आला तेव्हा केतनने मला फोन केला. नमुना स्वच्छ होता. दारूचा मागमूस नाही.

भामाचं काय करायचं यावर आमची बरीच वादावादी झाली. नमुना नष्ट करणं हा त्याच्या नियमात मोठा गुन्हा होता, आणि तो चुकत नव्हता. मी एवढंच म्हटलं, की जिने हे केलं तिने सगळ्यांसमोर स्वतः कबूल केलं, आणि तेही नवऱ्याची नोकरी वाचावी म्हणून. शेवटी कंत्राटदाराने तिला लेखी ताकीद दिली आणि ऑफिसच्या खोल्यांचं काम काढून घेतलं. कँटीन राहिली. फ्रीजला कुलूप आलं. सुरजची केतनने माफी मागितली, हे मला सुरजनेच सांगितलं, जरा फुशारकीने.

शिवाला परत घेतलं, पण लगेच क्रेनवर नाही. आधी खाली, मंगळ्याबरोबर साखळ्या लावायच्या. वर्षभर कधीही न सांगता तपासणी, दर महिन्याला समुपदेशक. सगळं नीट गेलं तर मग वर. त्या दिवशी तो सही करून बाहेर आला तेव्हा मी गेटपाशी रिक्षाची वाट बघत होते.

"बाबांच्या वेळी बरं व्हतं," तो म्हणाला. "बॉयलरमागे झोपवायचे."

"हिराजी आज असता तर मला ते बरं वाटलं असतं," मी म्हटलं.

तो थोडा हसला. मग म्हणाला, "सिस्टर, कंपनीला बाटली दिली की त्यांची खात्री पटते. घरी काय द्यायचं?"

रिक्षा आली, मी बसले.

बाटली गेली त्या दिवसापासून तो भामाशी एक शब्द बोलला नव्हता, हे मला नंतर कळलं. जेवायचा, झोपायचा, कामाला यायचा. ती ताट वाढायची आणि बाजूला बसायची. हुंगायचं तिने सोडून दिलं होतं. ते सोडल्यावर पहिल्या काही रात्री तिला झोप लागली नाही, असं तिने मला फोनवर सांगितलं.

फोन तिने दुसऱ्याच गोष्टीसाठी केला होता. सकाळच्या चहाच्या सुट्टीत शिवा सगळ्यांबरोबर कँटीनच्या रांगेत उभा राहिला होता. बाकीच्यांसारखाच, सुरजच्या मागे. पाळी आली तेव्हा तिने कप पुढे केला. त्याने एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," तो म्हणाला.

"मंग तू काय म्हनलीस?" असं मी तिच्याच बोलीत विचारलं. पलीकडे ती एकदम हसली.

"काय म्हननार?" ती म्हणाली. "दोन चमचे घातले. त्याच्या समोर."